मराठा सेनानींवरचे चित्रपट: खरं किती, रचलेलं किती? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

इतिहासाची आवड असलेल्या मंडळींना घेऊन रविवारी सिंहगडावर जायचा माझा बऱ्याच वर्षांचा परिपाठ आहे. पूर्वी लोक विचारायचे, देवटाक्याचं पाणी पिता येतं का, पिठलं-भाकरी कुणाकडची चांगली. २०२० मध्ये 'तान्हाजी' चित्रपट आला आणि पहिला प्रश्न बदलला: "ती नागीण तोफ कुठे ठेवली होती?" मग संभाजी महाराजांवरचा 'छावा' आला आणि प्रश्नांची दिशा संगमेश्वरकडे वळली. तीच तीच उत्तरं गड चढताना देऊन दम लागतो, म्हणून एकदा लिहून काढली.

'तान्हाजी'मधली नागीण तोफ खरंच होती का?

नव्हती. कोंढाण्यावर, म्हणजे आजच्या सिंहगडावर, अशी अजस्र तोफ चढवली आणि तिचं तोंड राजगडाकडे केलं, असं कुठलंही समकालीन साधन सांगत नाही. ती पटकथेची गरज आहे. प्रेक्षक दोन तास खुर्चीत बसायचा तर काहीतरी फुटायला आलेलं असावं लागतं.

खरं कारण नकाशात आहे. जून १६६५ मध्ये पुरंदरचा तह झाला आणि २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले. त्यात कोंढाणाही गेला. तेव्हा राजधानी राजगड. कधी स्वच्छ हवेत राजगडाच्या बालेकिल्ल्यावर उभं राहून बघा, कोंढाणा समोर दिसतो. राजधानीच्या अंगणात शत्रूचं निशाण रोज फडकताना बघायचं, शिवाय पुण्यावर नजर ठेवणारा गड तोच. १६७० मध्ये तह मोडल्यावर हा किल्ला आधी घ्यावासा वाटला यात नवल काहीच नाही. पण नकाशातलं कारण पडद्यावर गडगडत नाही. म्हणून तोफ.

मग घोरपड? ती तरी खरी?

या प्रश्नाला 'नाही' म्हटलं की गटातले निम्मे लोक नाराज होतात.

कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीला बखर लिहिली, तानाजींच्या मृत्यूनंतर साधारण पंचवीस वर्षांनी. त्यात निवडक दोन मावळे वानरं चढावीत तसे रात्री कड्यावरून वर गेले आणि त्यांनी लावलेल्या माळेवरून तानाजींसह तीनशे माणसं चढली, एवढंच आहे. घोरपडीचं नाव नाही. यशवंती घोरपड भेटते ती तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात. तिच्या डोक्याला शेंदूर, कपाळी मोत्याचा भांग, ती कडा चढायला नकार देते, मग तानाजी तिला दम देतात. ऐकताना अंगावर काटा येतो. डफ वाजत असताना पुरावा कोण मागणार?

चित्रपटवाल्यांनी घोरपड शोधून काढलेली नाही. ती त्यांना पोवाड्यातून, शाळेच्या पुस्तकातून आणि आजीकडून मिळाली. या पानावरची बहुतेक उत्तरं अखेर याच वळणावर येतील: ज्याला आपण 'सिनेमातली चूक' म्हणतो ती बऱ्याचदा सिनेमाच्या आधी शंभर-दोनशे वर्षं आपल्या घरात नांदत असते.

'गड आला पण सिंह गेला' हे महाराज म्हणाले, हे तरी नक्की ना?

सभासद महाराजांच्या तोंडी जे वाक्य घालतो त्याचा आशय असा की एक गड घेतला, परंतु एक गड गेला. म्हणजे तानाजी हाच एक गड. मला विचाराल तर हे वाक्य जास्त जबरदस्त आहे. सिंहाची उपमा कुणालाही सुचेल. ज्या राजाचं सगळं राज्य गडांवर उभं आहे त्याने माणसाला गड म्हणावं, याचं वजन वेगळं.

सिंहाचं वाक्य घराघरांत पोचवलं ते हरि नारायण आपट्यांच्या कादंबरीने. आणि तानाजींमुळे कोंढाण्याचं नाव सिंहगड पडलं हेही टिकत नाही, कारण १६६३ च्या एका पत्रात 'सिंहगड' हे नाव आलेलं आहे. लढाई ४ फेब्रुवारी १६७० ची. हे सांगितल्यावर एका काकांनी मला "तुम्हाला काहीच गोड लागत नाही का हो?" असं विचारलं होतं. लागतं. गडावर दही फार छान मिळतं.

उदयभान खरोखर इतका क्रूर होता का?

उदयभान राठोड हा मोगलांच्या चाकरीतला राजपूत किल्लेदार होता आणि तो त्या रात्री लढून मेला, एवढं ठाऊक आहे. मगर भाजून खाणारा, माणसं मारून हसणारा उदयभान हा पटकथेतला.

इथे मात्र मला चित्रपटापेक्षा बखर थोर वाटते. सभासदाने तो सामना चार-पाच ओळींत लिहिलाय. तानाजींची ढाल तुटली, दुसरी वेळेवर मिळाली नाही, तेव्हा डाव्या हाताचीच ढाल करून ते लढले. दोघेही सारख्याच त्वेषाने पेटले आणि दोघेही पडले. शत्रूला राक्षस करायची गरज सभासदाला वाटली नाही. समोरचा तोलामोलाचा होता, म्हणून तर तानाजी पडले.

बखर, पोवाडा, कादंबरी सगळंच बाद, मग पुरावा म्हणायचं तरी कशाला?

बाद काहीच नाही. प्रत्येकाला त्याच्या जागी बसवायचं.

घटना घडत असताना लिहिलेली पत्रं पहिल्या पंक्तीत: महाराजांची स्वतःची पत्रं, सुरत-मुंबई-राजापूरच्या इंग्रजांचा पत्रव्यवहार, पोर्तुगीज आणि डच कागद, मोगल दरबाराचे अखबार, म्हणजे बातमीपत्रं. इंग्रजांना स्वराज्याचं प्रेम नव्हतं, पण आपला माल बुडेल का याची धास्ती होती, त्यामुळे बातमी ते नीट काढायचे. मग जेधे शकावलीसारखी कोरडी टिपणं. त्यात तिथी असते आणि घटना असते, अश्रू नसतात. अभ्यासकाला तेच हवं असतं. मग बखरी आणि त्यातही लवकरची कुठली, उशिराची कुठली हे बघायचं. शेवटी पोवाडे आणि दंतकथा. त्यांतून घटना कळत नसली तरी लोकांना काय लक्षात ठेवावंसं वाटलं ते कळतं.

आणखी एक सवय लावून घ्या. लिहिणारा कोण, त्याचं पोट कुणाच्या जिवावर आणि त्याचा राग कुणावर, हे आधी बघायचं. पुढच्या उत्तरात याचं उदाहरणच आहे.

संभाजी महाराजांबद्दल आधी वेगळं आणि आता वेगळं का दाखवतात?

मल्हार रामराव चिटणीस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बखर लिहिली, म्हणजे संभाजी महाराजांच्या मृत्यूनंतर सव्वाशे वर्षं उलटल्यावर. तिच्यात महाराज व्यसनी, उतावळे, सल्लागार कवी कलशाच्या आहारी गेलेले असे रंगवले. हे मल्हारराव बाळाजी आवजी चिटणिसांच्या वंशातले. आणि बाळाजी आवजींना १६८१ मध्ये कटाच्या आरोपावरून मृत्युदंड दिला तो संभाजी महाराजांनीच. हा दुवा डोळ्यांसमोर ठेवला की बखरीतल्या प्रत्येक विशेषणाकडे जरा तिरकं बघावं लागतं.

पण मराठी नाटक-सिनेमाने कित्येक दशकं याच चित्राची री ओढली. राजपुत्र, मद्याचा पेला, रुसलेली पत्नी, दूर कुठेतरी चिंताक्रांत पिता. रंगभूमीला असा नायक फार सोयीचा असतो. १९६० मध्ये वा. सी. बेंद्रे यांचं चरित्र आलं आणि १९७१ मध्ये डॉ. कमल गोखले यांचं. दोघांनी मूळ कागदांवरून दाखवलं की मोगल, सिद्दी, पोर्तुगीज अशा अनेक आघाड्यांवर नऊ वर्षं लढणारा हा राजा होता. शिवाजी सावंतांची 'छावा' ही कादंबरी त्या नव्या चित्रावर उभी आहे आणि २०२५ चा चित्रपट कादंबरीवर.

मात्र लंबक आता दुसऱ्या टोकाला गेलाय. आधीचे संभाजी महाराज पेल्याशिवाय दिसत नव्हते, आताचे गर्जनेशिवाय दिसत नाहीत. ज्यांनी 'बुधभूषण' हा संस्कृत ग्रंथ रचला ते शांत बसून लिहिताना मला एकदा तरी बघायचे आहेत.

संगमेश्वरला पडद्यावर दाखवतात तशी मोठी लढाई झाली का?

झटापट झाली, माणसं पडली. पण ती अचानक घातलेल्या छाप्यातली. १ फेब्रुवारी १६८९ रोजी मोगल सरदार शेख निजाम ऊर्फ मुकर्रबखान कोल्हापूरकडून घाट उतरून इतक्या वेगाने येऊन थडकला की संभाजी महाराजांसोबतच्या थोड्या लोकांना सावरायला वेळच मिळाला नाही आणि महाराज पकडले गेले. एकट्याने शेकडो लोळवले हे दिग्दर्शकाचं. पुढे बहादूरगड आणि मग ११ मार्च १६८९ रोजी महाराजांचा वध. त्या चाळीस दिवसांचा मुख्य धागा मात्र पडद्यावर आला तसाच साधनांतही आहे: महाराज वाकले नाहीत. मोगलांकडचे इतिहासकार रागाने का होईना, पण त्यांच्या उद्दामपणाबद्दल लिहितात. शत्रूच्या शिव्या हा कधीकधी उत्तम पुरावा असतो.

गणोजी शिर्क्यांनी पकडून दिलं हे खरं का?

या पानावरचा सर्वांत नाजूक प्रश्न हाच, त्यामुळे सावकाश.

शिर्के आणि छत्रपती घराण्याचं दुहेरी नातं होतं. येसूबाई शिर्क्यांच्या कन्या आणि गणोजी महाराजांचे मेहुणे. वतनावरून शिर्क्यांशी बिनसलं होतं, कवी कलशाशी त्यांचा झगडा झाला होता आणि शिर्क्यांची काही माणसं मोगलांकडे गेली होती. हे सगळं आहे. पण 'अमुक वाटेने या, इथे ते सापडतील' असं गणोजींनीच सांगितलं, हे बिनतोड सिद्ध करणारा समकालीन कागद नाही. संशय आणि शाबिती यांत कोर्टात जेवढं अंतर असतं तेवढंच इतिहासातही असतं.

'छावा'नंतर शिर्के घराण्यातल्या मंडळींनी हरकत घेतली. आपण आडनाव आणि गाव न घेता फक्त गणोजी आणि कान्होजी एवढीच नावं ठेवली आहेत, असं सांगत दिग्दर्शकांनी दिलगिरी व्यक्त केली. मला हा बचाव लंगडा वाटतो. महाराष्ट्रात संभाजी महाराजांच्या चित्रपटात 'गणोजी' म्हटल्यावर आडनाव सांगायला लागतं का?

माझी स्वतःची फूटपट्टी सोपी आहे. पागोटं चुकलं, तोफ जास्त झाली, घोडा उंच निघाला, तर हसून सोडून द्यावं. पण नाव असलेल्या खऱ्या माणसावर फितुरीचा किंवा भेकडपणाचा आरोप ठेवायचा तर कागद दाखवावा. कादंबरीत होतं म्हणून आम्ही घेतलं, हे पुरेसं नाही. कादंबरी लाखांत वाचली जाते, सिनेमा कोटींत बघितला जातो आणि त्या आडनावाची पोरं दुसऱ्या दिवशी वर्गात बसतात.

लेझीमचं दृश्य काढलं ते बरोबर झालं का?

झलक आल्यावर ओरड झाली आणि प्रदर्शनाआधी दृश्य काढलं. छत्रपतींनी कधी लेझीम खेळलीच नसेल असं कोण छातीठोक सांगणार? आक्षेप पुराव्याचा कमी आणि अदबीचा जास्त होता. आश्चर्य याचं वाटतं की लेझमीवर जेवढा गदारोळ झाला त्याच्या पावपटही चर्चा पटकथेतल्या इतर गोष्टींवर झाली नाही.

चित्रपट बघून लोक सोनं खणायला गेले ही खरी बातमी का?

खरी. मार्च २०२५ मध्ये मध्य प्रदेशात बऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या पायथ्याच्या शेतांत लोक रात्री टॉर्च, चाळण्या आणि धातुशोधक यंत्रं घेऊन उतरले होते. पडद्यावर बऱ्हाणपूरची लूट दाखवली, म्हणजे उरलेला खजिना तिथेच कुठेतरी असणार, हा हिशेब. १६८१ च्या जानेवारीअखेर मराठ्यांनी बऱ्हाणपूर लुटलं हे इतिहासात आहेच. पण लुटलं म्हणजे नेलं. नेलेलं सोनं तिथेच कसं सापडेल, हे त्या शेतकऱ्याला विचारा ज्याच्या रानाची चाळण झाली.

झुंबरात बल्ब हा काय प्रकार होता?

'वेडात मराठे वीर दौडले सात' या चित्रपटाची २०२२ साली छोटी झलक आली. अक्षय कुमार महाराजांच्या वेशात चालत येतात आणि वर झुंबरात ओळीने विजेचे दिवे. महाराजांचं निधन १६८० चं, एडिसनचा दिवा १८७९ चा. फक्त दोनशे वर्षांची गडबड. आठवडाभर सगळ्यांची करमणूक झाली.

पण बल्ब कुणालाही दिसतो. त्याच विषयातली न दिसणारी गोष्ट सांगतो. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीच्या खिंडीत प्रतापराव गुजर आदिलशाही सरदार बहलोलखानाच्या फौजेवर मोजक्या स्वारांनिशी तुटून पडले आणि मारले गेले, याला आधार आहे. बाकीच्या सहांची जी नावं आज फलकांवर आणि फॉरवर्डमध्ये फिरतात त्यांना मात्र समकालीन आधार नाही. कुसुमाग्रजांच्या कवितेने 'सात' हा आकडा आपल्या कानात असा बसवला की सातही नावं हवीशी वाटायला लागली आणि हवी असलेली नावं कुठून तरी येतातच.

त्या काळी लोक असं शुद्ध मराठी बोलायचे का?

अजिबात नाही. माझ्या मते हीच सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत कमी टोकली जाणारी चूक. पडद्यावरचे मावळे 'आक्रमण', 'रणनीती', 'विश्वासघात' म्हणतात. त्या काळचं कुठलंही पत्र उघडा: मजकूर, हुजूर, रवाना, तजवीज, शिकस्त, तमाम. वाक्यावाक्याला फारसी. महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो याचसाठी, की दरबारी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द मिळावेत. लोक आधीच तसं बोलत असते तर कोश कशाला लागला असता?

आणि गंमत म्हणजे चित्रपटात फारसी-उर्दू शब्द फक्त खलनायकाच्या तोंडी. 'फौज', 'किल्ला', 'शिलेदार', 'सरदार', 'जरीपटका' हे म्हणताना आपल्या नायकांच्या जिभेवरही तेच शब्द होते.

घोडे, शस्त्रं, कपडे?

भराभर. मराठ्यांची दौड दख्खनी घोड्यांवर, भीमथडीच्या तट्टांवर चालायची. चणीने लहान, काटक, डोंगर चढणारी, मिळेल ते गवत खाणारी. पडद्यावरचे उंच, चकाकते घोडे शर्यतीचे वाटतात. तोडेदार बंदुका मराठ्यांकडे होत्या, पण सिनेमात बंदूक बहुधा शत्रूच्या हाती. नायकाने दुरून गोळी घातली तर टाळ्या कशा मिळतील? उघड्या छातीने लढणं हेही सिनेमाचंच, अंगात निदान जाड शिवलेला अंगरखा तरी असायचा. दांडपट्टा मात्र खरा आणि तो अजून शिकवतात. एकदा आखाड्यात जवळून बघा. पाती लवचीक असल्याने तिचा सपासप आवाज येतो आणि फिरवणाऱ्याभोवती कुणी फिरकत नाही.

'बाजीराव मस्तानी'बद्दल तुमचा राग 'पिंगा' या गाण्यावर का?

राग नाही. काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचल्या असतील असं मला वाटत नाही आणि पेशव्यांच्या घरातल्या स्त्रीने असं नाचणं त्या काळी कल्पनेपलीकडचं होतं. पण चित्रपट ना. सं. इनामदारांच्या 'राऊ'वरून घेतलाय आणि त्याला प्रेमकथाच सांगायची होती. शनिवारवाड्याचं काय? खरा वाडा १८२८ च्या आगीत गेला, त्यामुळे आतलं वैभव भन्साळींनी वाटेल तसं उभारलं. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष पुण्याच्या केळकर संग्रहालयात नेऊन बसवलेत, ते बघा. लाकूडकाम नाजूक आहे, आरसे कमी आहेत.

माझी तक्रार सेनापती बाजीरावांबद्दल आहे. पडद्यावर ते तलवारीचे धनी. प्रत्यक्षात त्यांचं मोठेपण पालखेडला दिसतं. १७२८ च्या सुरुवातीला त्यांनी निजामाला इकडून तिकडे पळवलं, तोफखान्यापासून तोडलं आणि पाणी-दाणा बंद करून अशा जागी आणलं की निजामाला मुंगी-शेवगावला तह करावा लागला. रक्तपात नावाला. आता हे पडद्यावर कसं दाखवणार? तहानलेली फौज आणि दूर उभे असलेले घोडेस्वार. तिकीट कोण काढेल? मी काढीन.

मृत्यूचंही तेच. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडीला तापाने ते गेले, वय चाळीसच्या आत. भ्रमात नदीत उतरून अदृश्य सैन्याशी लढणं हे चित्रपटाचं, आणि खोटं असूनही ते दृश्य मला आवडतं, हे कबूल करतो. मस्तानीही त्याच साली गेली. तिची कबर पाबळला आहे, पुण्याहून सकाळी निघून दुपारी परत येण्यासारखी.

'पानिपत'वर राजस्थानात आंदोलन का झालं होतं?

भरतपूरचे राजे सूरजमल यांनी मदतीच्या बदल्यात आग्र्याचा किल्ला मागितला असं २०१९ च्या चित्रपटात दाखवलं. राजस्थानात आंदोलनं झाली आणि निर्मात्यांना काही दृश्यं कापावी लागली. हा आक्षेप मला रास्त वाटला. सूरजमल लढाईआधी बाजूला झाले हे खरं. पण १४ जानेवारी १७६१ नंतर जी माणसं उघडीवाघडी, जखमी, उपाशी दक्षिणेकडे पळत सुटली त्यांना अन्न, वस्त्र आणि आसरा दिला तो याच जाट राजाने. मराठी माणसाने तरी हे विसरू नये.

आणि लढाई? सगळा खर्च तोफांवर आणि धुरावर होतो. पण भाऊसाहेबांची फौज नोव्हेंबरपासून अडीच महिने पानिपताला अडकून पडली होती. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसदेची शेवटची आशा संपली. सोबत हजारो बिनलढाऊ माणसं, यात्रेकरू, बायका-मुलं. अखेर सैनिकच भाऊंकडे येऊन म्हणाले की उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू. अवधचा नवाब शुजा याच्या पदरी असलेल्या काशीराजाने हे लिहून ठेवलंय. पोटात अन्न नसलेली माणसं रणात उतरली. पालखेडला बाजीरावांनी जे निजामाचं केलं तेच तेहतीस वर्षांनी अब्दालीने आपलं केलं. हा धागा कुठल्याच चित्रपटात नाही.

'कल्पनास्वातंत्र्य घेतले आहे' ही पाटी दाखवली की झालं ना?

कायद्यासाठी कदाचित. ती पाटी तीन सेकंद असते, अक्षरं बारीक असतात आणि तेव्हा लोक खुर्चीचा नंबर शोधत असतात.

जुने चित्रपट तरी इतिहासाला धरून होते का?

साधेपणा होता, अचूकता होतीच असं नाही. बाबूराव पेंटरांचा 'सिंहगड' १९२३ चा मूकपट, तोही हरिभाऊंच्या कादंबरीवरचा. १९३० साली व्ही. शांताराम यांनी शिवाजी महाराजांची भूमिका स्वतः केली त्या मूकपटाचं नाव आधी 'स्वराज्य तोरण' होतं. इंग्रजी सेन्सॉरला 'स्वराज्य' हा शब्द खुपला आणि तो 'उदयकाल' म्हणून आला. म्हणजे तेव्हाही सतराव्या शतकाच्या आडून चालू काळाबद्दलच बोललं जात होतं. भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांतही तेच. इतिहासपट ज्या साली बनतो त्या सालाबद्दल पुष्कळ सांगतो. आजचेही सांगतात.

मुलांना दाखवावेत की नाही?

दाखवा. माझ्याबरोबर येणारी निम्मी मुलं सिनेमा बघूनच गडावर आलेली असतात. फक्त घरी आल्यावर एक खेळ खेळा: यातलं तुला खोटं काय वाटलं? एका चौथीतल्या मुलीने मला सांगितलं, "एवढं भांडण चाललंय आणि कुणालाच तहान लागत नाही." परीक्षण म्हणून याहून बरं मी वाचलेलं नाही.

तुम्हाला एक प्रसंग पडद्यावर आणायचा असेल तर कुठला?

लढाईचा नाही. चिपळूणजवळ लष्कराची छावणी पडली होती तेव्हा महाराजांनी तिथल्या अधिकाऱ्यांना एक पत्र पाठवलं. घोड्यांचा दाणा-वैरण आत्ताच उधळाल तर पावसाळ्यात मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, मग कुणी कुणब्याचे दाणे आणील, कुणी भाकर, कुणी गवत, आणि रयतेला तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील. पुढे आणखी बारीक जाऊन सांगतात: आगट्या जपून करा, रात्री दिवा जळता ठेवून झोपू नका. उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल आणि पागा जळून जाईल.

राजा एका उंदराचा विचार करतोय. मागे पाऊस येऊ घातलेला, कारकून लिहितोय, महाराज येरझाऱ्या घालत सांगताहेत आणि मधेच थांबून म्हणतात, "वातीचंही लिहा." हे शेवटचं वाक्य माझं, पत्रात नाही. पटकथा लिहायला बसलं की असं होतं.